चवथीच्या साफसफाईत माळ्यावरच्या तबकड्या टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथीच्या आधीची साफसफाई आता घरोघरी सुरू होईल. माळ्यावरचे सामान, त्यात गाण्याच्या जुन्या तबकड्या (ग्रामोफोन रेकॉर्ड) असतील तर त्याही, अंगणात येईल आणि भंगारवाल्याचा टेम्पो वाड्यावाड्यांतून फिरू लागेल. त्याच्या आत हे पत्र छापून यावे, म्हणून घाईने लिहीत आहे.

फोंड्यात गेली ३४ वर्षे माझे दुरुस्तीचे दुकान आहे. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप. पूर्वी रेडिओ आणि टेपही पुष्कळ यायचे. गाण्याचे शास्त्र मी शिकलेलो नाही. देवळातली भजने, जत्रेतली नाटके आणि चवथीतल्या आरत्या ऐकत वाढलेल्या माणसाचा कान जेवढा तयार होतो, तेवढाच माझा.

दोन वर्षांपूर्वी सावईवेऱ्याच्या मामेभावाने जुने घर उतरवायला काढले. माझे मामा मुंबईला गिरगावात राहून नोकरी करायचे. चवथीला आणि जत्रेला गावी येताना ते ट्रंकेत धोतरांच्या घड्यांमध्ये तबकड्या घालून आणत. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. माळ्यावर तांदळाच्या पिंपामागे त्यांची लाकडी पेटी सापडली, आत ४१ तबकड्या. २६ जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या; उरलेल्या एलपी, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या मोठ्या, आणि ४५ फेऱ्यांच्या लहान. शेजारीच रेकॉर्ड प्लेअर, त्याच्या आतले रबरी चाक कडक होऊन एका बाजूने चपटे झालेले. भाऊ म्हणाला, "टेम्पो उद्या येतो. तुला हवे तर ने, नाहीतर जाईल किलोवर." मी सगळे पिकअपमध्ये घालून दुकानात आणले.

पहिली चूक माझ्याच हातून झाली. तीही लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून ती व्हायची नाही. दुकानात आम्ही काँटॅक्ट, टेपचे हेड, सगळे स्पिरिटने पुसतो. तोच कापसाचा बोळा मी ७८च्या एका तबकडीवर फिरवला. मास्टर दीनानाथांचे नाट्यपद होते. कापूस काळा झाला. मला वाटले मळ निघतोय. दुसऱ्यांदा फिरवला तेव्हा बोट चिकटले. ७८च्या तबकड्या लाखेच्या असतात. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना चकाकी आणते तीच लाख, तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून दाबलेली. ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश बनवतात ते चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवूनच, आणि हे मी लहानपणापासून बघत आलो आहे. तरी त्या क्षणी सुचले नाही. तबकडीवर तीन बोटे रुंदीच्या पट्ट्यातले चर, म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती आवाजाची बारीक खोबण, पुसले गेले. दीनानाथ मंगेशीचे, माझ्या दुकानापासून मंगेशी गाडीने पंधरा मिनिटांवर. ती तबकडी मी टाकलेली नाही, पण वाजवायला हात होत नाही.

त्यानंतर मी सावकाश कामाला लागलो. रबरी चाक नवे बसवले, मोटारीत तेल घातले. सुईच्या डोक्यावर एक बारीक खिट्टी होती, एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी लिहिलेली. ७८चा चर एलपीच्या चरापेक्षा पुष्कळ रुंद असतो आणि त्याची सुई टोकाला तीन-चारपट जाड लागते. एलपीच्या बारीक सुईने ७८ वाजवली तर सुई चराच्या तळाशी जाऊन घाणीत लोळते, भिंतींना लागतच नाही, आणि आवाज तर भिंतींतच कोरलेला असतो. "जुन्या रेकॉर्डमध्ये नुसती खरखर आहे" असे सांगत लोक येतात, तेव्हा निम्म्या वेळा कारण हेच निघते.

मग वेग. त्यासाठी मी कागदाची गोल चकती कापली आणि तिच्यावर कडेने सारख्या अंतराने ७७ काळ्या रेघा ओढल्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असेल तर त्या उजेडात फिरत्या चकतीवरच्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे गेल्या तर कमी. एलपीसाठी अशा १८० रेघा लागतात. एलईडीच्या उजेडात हे बहुधा दिसत नाही, म्हणून मी एक जुनी ट्यूब मुद्दाम ठेवली आहे. वेग सुमारे सहा टक्के चुकला की सूर अर्ध्या पट्टीने सरकतो, म्हणजे पेटीवरच्या (हार्मोनियमवरच्या) काळी चारचे गाणे पांढरी सहात जाते आणि गाणाऱ्याचा गळाच बदलतो.

आषाढातली संध्याकाळ होती, शटर अर्धे खाली ओढले होते. केसरबाई केरकरांचा गौड मल्हार लावला. केसरबाई केरीच्या, आमच्याच तालुक्यातल्या, जन्म १८९२चा. त्यांनी ध्वनिमुद्रण फार मोजकेच केले. त्यांचा आवाज मी आयुष्यभर ऐकला होता असे मला वाटत होते: आधी रेडिओवर, मग कॅसेटवर, आता फोनवर. सुई टेकली आणि खरखर सुरू झाली. त्या खरखरीमागून 'आ'कार आला तो थेट छातीतून आलेला, वजनदार. तान घेऊन खाली उतरताना आवाज कुठे पातळ झाला नाही. तानेच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला. मागे तंबोरा होता, तोही नुसती गुणगुण नव्हे. जवारी, म्हणजे तारेचा झणकार, लागलेली, तारेवर बोट पडल्याचे कळत होते. माझ्याकडे कामाला असलेला मुलगा पंपाचे वाइंडिंग करत होता. त्याची वेढ्यांची मोजणी चुकली, त्याने तार उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. तेवढ्यात तबकडी संपली. अवघी साडेतीन मिनिटे. "परत लावा," तो म्हणाला.

नंतर तेच गाणे मी फोनवर शोधून ऐकले. खरखर जवळजवळ नव्हती. पण तंबोराही नव्हता, आणि श्वासही. खरखर काढणाऱ्या यंत्राला खरखर कुठली आणि जवारी कुठली हे कळत नाही. दोन्ही उंच कंपनांतच राहतात, एक काढली की दुसरीही जाते. पेटीवर सूर धरून पाहिला तर फोनवरची पट्टी जवळजवळ अर्ध्या सुराने चढलेली. कोणी तरी कधी तरी चुकीच्या वेगाने वाजवून टेप केले असणार, त्या टेपवरून पुढची नक्कल, तिच्यावरून आणखी एक. आपण त्या शेवटच्या नकलेला केसरबाई म्हणतो. आजच्या मुलांना जुने गाणे किनरे वाटते, "हे लोक नाकात गायचे" असे ती म्हणतात, यात त्यांचा दोष नाही. त्यांनी ते गाणे अजून ऐकलेलेच नाही.

तबकडी सीडीपेक्षा श्रेष्ठ, असे माझे म्हणणे नाही. हौशी मंडळी तसे म्हणतात, पण ते खरे नव्हे. सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजते, तिच्यात खरखर नाही, आणि तिचे शेवटचे गाणे पहिल्याइतकेच स्वच्छ असते. एलपीचे तसे नाही. मी मोजपट्टीच्या टेपने मोजून हिशेब केला: एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर चर जातो, लेबलाजवळ तो २१ सेंटिमीटरच्या आसपास येतो. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, म्हणून शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात. हे मान्यच केले पाहिजे. माझा मुद्दा वेगळा आहे. सीडीत किंवा फोनमध्ये कोणी काय भरले, कशावरून भरले, यावर सगळे अवलंबून. ज्या गाण्याचे मूळ साचे उरलेले नाहीत, त्याची कोणाच्या माळ्यावर पडलेली बरी तबकडी हीच मूळ प्रत. ती फुटली की ते गाणे आपल्याकडे नकलेपुरतेच उरते.

नवे रेकॉर्ड प्लेअर घेणाऱ्यांसाठी एक सूचना. पुष्कळ जण मॅग्नेटिक काट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) वायर सरळ अँप्लिफायरच्या ऑक्स या साध्या खाचेत घालतात आणि डबा वाजवल्यासारखा आवाज आला की माझ्याकडे येतात. खर्ज पुरा कोरला तर चर शेजारच्या चरात घुसेल, म्हणून एलपी कापताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर वाढवतात. वाजवताना हे उलटे करून घ्यावे लागते. ते काम फोनो प्रीअँपचे. तो मध्ये नसेल तर तबकडीला नावे ठेवू नयेत.

गेल्या पावसाळ्यात बोरीच्या एक आंटी प्लास्टिकच्या पिशवीत सहा लहान तबकड्या घेऊन आल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या, संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या कोंकणी गाण्यांच्या, एचएमव्हीच्या. "वाजतलें मरे हें?" त्यांनी विचारले. कव्हरांना बुरशी लागून ती चिकटली होती. सोडवून, धुऊन, दुसऱ्या दिवशी लावली. ट्रंपेट सुरू झाला तसा त्यांनी काउंटर घट्ट धरला आणि पायातली चप्पल जमिनीवर ठेका धरू लागली. त्यांचे यजमान बोटीवर होते; पगाराच्या पैशांतून त्यांनी त्या घेतलेल्या. मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांतून किती तरी गोंयकार वाजवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, अरेंजर (वाद्यमेळाची रचना करणारे) सेबॅस्टियन डिसोझा यांची नावे तरी लोकांना ठाऊक आहेत. बाकीच्यांची कव्हरावर छापलीही जात नसत. त्यांचे जे काही राहिले आहे ते त्या चरांत आहे.

आणि याच तबकड्या किनारपट्टीवरच्या एका रेस्टॉरंटात मी भिंतीला ठोकलेल्या पाहिल्या. एकीच्या मधोमध घड्याळाचे काटे बसवलेले. लेबल वाचता येत होते, मराठी नाट्यसंगीत होते. वेटर म्हणाला, किलोवर मिळतात. मी जेवण न घेताच उठलो.

१९७७ साली नासाने व्हॉयेजर नावाची दोन अंतराळयाने सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची १२ इंची तबकडी आहे आणि तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, हे गोव्यात शाळकरी मुलांनाही सांगतात. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. तबकडीबरोबर त्यांनी सुई आणि काट्रिजही पाठवले, आणि मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी ते कसे वाजवायचे हे वेष्टनावर चित्रांनी कोरले. आपल्या घरांत तबकड्या माळ्यावर राहिल्या आणि वाजवायचे यंत्र आधीच विकले गेले.

म्हणून माझी विनंती आहे. तालुक्या-तालुक्याच्या वाचनालयात एक खोली, ७८ची आणि एलपीची अशा दोन्ही सुया असलेले एक यंत्र, आणि ते हाताळायला शिकवलेला एक माणूस. लोकांनी आपली तबकडी आणावी, बसून ऐकावी, हवी तर तिथल्या तिथे योग्य वेगाने, फिल्टर न लावता तिची डिजिटल प्रत करून घ्यावी आणि तबकडी परत न्यावी. देणगी म्हणून द्या अशी सक्ती नको. मग कोणी आणणार नाही. गाणे शिकवणाऱ्या गुरुजनांनी आठवड्यातून एकदा मुलांना तिथे न्यावे. वाचनालयांत लागणारा पैसा मोठा नाही. लागतो तो माणूस, आणि यंत्र शिकवायला मी आनंदाने येईन.

तोवर घरी एवढे सांभाळा. तबकड्या एकीवर एक आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या की एलपी वाकतात आणि लाखेच्या तबकड्या वरच्या भाराने तडकतात. आपल्या पावसाळी हवेत बुरशी येणारच. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर मिळते, ते मऊ कापडाला लावून चराच्या दिशेने गोल पुसा, लेबल भिजवू नका, सावलीत उभी वाळवा. उन्हात नको. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचे पाणी यांतले काहीही लावू नका. कव्हर फाटले असले तरी फेकू नका, गायकाचे नाव आणि नंबर पुष्कळदा त्यावरही असतो.

माझ्या काउंटरवर ७८ची सुई लावलेले यंत्र कायम जोडलेले असते. सोमवार ते शनिवार, दुपारची दीड ते साडेतीनची वेळ सोडून, कोणीही तबकडी घेऊन यावे. वाजवून दाखवतो, पैसे घेणार नाही. पावसात आणणार असाल तर आधी सुती कापडात आणि मग प्लास्टिकमध्ये गुंडाळा, आणि स्कूटरच्या डिकीत घालू नका; मांडीवर उभी धरून आणा.

आपला,
एक वाचक, फोंडा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. विचारणाऱ्यास जरूर सांगावा.)