ड्यूटी रजिस्टर मागवा की एकदा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

अधिवेशन सुरू झालं की तुमच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, सरकारी दवाखान्यांत इतकी पदं मंजूर, इतकी भरलेली, इतकी रिक्त, मग विरोधक ओरडतात, मंत्री म्हणतात भरतीची प्रक्रिया सुरू आहे, की झालं. मी 29 वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये गेली, आता रिटायर होऊन नेरुळला असते. ती बातमी वाचली की मला दर वेळी वाटतं, या तक्त्यात सगळं आहे, फक्त रात्र नाहीये.

म्हणजे काय ते सांगते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, तिथल्या मुली अजून नोकरीत आहेत. आमच्या लेबर रूमला नाईटला दोन सिस्टर आणि एक मावशी, असा हिशोब. एका पावसाळ्यात, रात्री पावणेदोनचा सुमार असेल, एका बाईचं डिलिव्हरीनंतर ब्लीडिंग थांबेना. आमच्याकडे रक्ताची सोय नव्हती, डॉक्टर म्हणाले मुंबईला हलवा. आता अशा पेशंटला काही नुसतं ड्रायव्हरबरोबर पाठवता येत नाही, एक हात पोटावर ठेवून गर्भपिशवी चोळत राहायचं आणि दुसऱ्या हाताने सलाईन धरायचं, तेही गाडी खड्ड्यातून जात असताना. माझी जोडीदारीण चढली गाडीत आणि गेली खाडी पूल ओलांडून. परत आली तेव्हा सहा वाजून गेले होते. तोपर्यंत मी, मावशी आणि कळा देणाऱ्या चौघी. त्यातल्या एकीचं तिसरं बाळंतपण होतं, तिला म्हटलं ताई जोर लावू नका मी आलेच, पण तिसऱ्या खेपेला बाळ कुठे कोणाचं ऐकतंय, मी पलीकडच्या टेबलावरून वळेपर्यंत मावशीने ते टॉवेलात झेललेलं होतं. रडलं लगेच, नशीब. मुंबईला गेलेली बाई पण वाचली, तिची सासू नंतर पेढे घेऊन आली होती.

पण सकाळी रजिस्टरमध्ये काय? नाईट स्टाफ दोन, सह्या दोन. त्या महिन्याच्या रिपोर्टात पण दोनच. मंत्रालयात, दिल्लीत, जिथे कुठे तो आकडा गेला असेल तिथे आमच्या लेबर रूममध्ये त्या रात्री सगळं अगदी नियमाप्रमाणे होतं.

पार्टोग्राफ नावाचा एक कागद असतो, बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते त्यावर भरायचं असतं. बाई नीट कळांना लागली की दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके पूर्ण मिनिटभर मोजायचे, आईची नाडी बघायची, आणि पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या ते मोजायचं. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं, त्यात चालूगिरी चालत नाही. आता चौघी असतील तर एका तासात नुसत्या कळा मोजायलाच ऐंशी मिनिटं लागतात. तास साठ मिनिटांचा. त्यात जी बाळंत झालीय तिला पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बघायचं, बाळाला आईजवळ द्यायचं, टाके असतील तर डॉक्टरला सामान द्यायचं, बाहेर नातेवाईक दार वाजवतायत ते वेगळंच. मग कागद कधी भरायचा? सकाळी साडेसातला, चहा पिता पिता, अंदाजाने. मी पण भरलेत असे, खोटं कशाला बोलू. आणि वरून टीम तपासायला आली की त्याच कागदांवर शाबासकी देऊन गेली.

माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे, तिच्याशी यावर फोनवर बोलणं होतं. तिकडे पण टंचाई आहेच, सोन्याची लंका नाहीये ती. पण तिथल्या पार्लमेंटच्या आरोग्य समितीने 2021 मध्ये प्रसूती सेवेवर अहवाल दिला, त्यासाठी ज्यांची बाळं गेली अशा घरच्यांना आणि काम करणाऱ्या लोकांना समोर बसवून विचारलं, तेही कॅमेऱ्यासमोर. आणि सरळ लिहून टाकलं की 1,932 मिडवाईफ, म्हणजे बाळंतपण करायलाच शिकलेल्या बायका, आणि 496 स्त्रीरोगतज्ज्ञ कमी आहेत, दर वर्षी 20 ते 35 कोटी पौंड जास्तीचे लागतील. दहातल्या आठ मिडवाईफ म्हणत होत्या की आमच्या शिफ्टला सुरक्षित काम होईल एवढी माणसंच नसतात. शिफ्टला, हा शब्द बघा. पुढच्या वर्षी मार्चमध्ये श्रूजबरी आणि टेलफर्डच्या हॉस्पिटलांबद्दल, तिथली चौकशी करणाऱ्या ऑकेंडन बाईंचा अहवाल आला, नीट काळजी घेतली असती तर 201 बाळं आणि 9 आया वाचू शकल्या असत्या असं त्यात होतं. तेव्हा तिकडचं सगळं गोड आहे असं मी म्हणतच नाहीये, पण निदान कुठे चुकलं ते तरी उघड झालं.

भाचीने आणखी एक सांगितलं ते मला फार पटलं. तिकडे 2015 पासून रेड फ्लॅग म्हणून पद्धत आहे. कळा देणाऱ्या बाईजवळ सतत एक मिडवाईफ राहू शकली नाही तर रेड फ्लॅग. टाके घालायला तासाभराच्या वर उशीर झाला तर रेड फ्लॅग. म्हणजे माणूस कमी पडलं ती वेळ नोंदवायची, कोणी मरायची वाट बघायची नाही. आमच्याकडे त्या रात्री किती झेंडे लागले असते, मी मोजून बघितलं, दहाच्या पुढे जाऊन सोडून दिलं.

आता आपल्याकडे बघा. संसदेची आरोग्याची स्थायी समिती आहे, अशा समित्या 1993 पासून आहेत, 31 खासदार असतात एका समितीत. पण बैठका बंद दाराआड, शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, सरकार आपलं काय कारवाई केली ते कळवतं की फाईल पुढे. सभागृहात खासदाराने प्रश्न विचारला तर उत्तराची पहिली ओळ ठरलेली, सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्याचा विषय आहे. बरं राज्याकडे जा, तर म्हणतात हे हॉस्पिटल महापालिकेचं, नगरविकासला विचारा. पालिकेत जा, तर आकृतिबंध, म्हणजे किती पदं हवीत त्याचा तक्ता, मंजुरीला पाठवलाय. बाळंतपण मात्र त्याच रात्री व्हायचं असतं!

राज्यातही कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांचा, अहवाल 2024 च्या डिसेंबरमध्ये नागपूरला अधिवेशनात मांडला होता, त्यात नर्सेसची मंजूर पदांच्या मानाने साधारण 35 टक्के कमतरता दाखवली होती. मांडला, छापून आला, संपला. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या शेजारी कळव्याच्या पालिका हॉस्पिटलात 24 तासांत 18 पेशंट गेले होते, तेव्हा पण चौकशी समिती नेमली होती. ते वेगवेगळ्या आजारांचे पेशंट होते, मी त्याबद्दल बोलणारी कोण, पण ती बातमी वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला की नाईटला कोण कोण होतं.

एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. 2005 पासून जननी सुरक्षा योजना आली, आशाताई घरोघर फिरल्या, आणि आज महाराष्ट्रात शंभरातल्या 94-95 बाळंतपणं दवाखान्यात होतात. 2018-20 च्या आकड्यांत आपल्याकडे लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू होते, तेव्हा देशाचा आकडा 97 होता. हे काही थोडं नाही, त्यात आमचा पण घाम आहे. पण बायकांना तुम्हीच सांगितलंत ना घरी बाळंत होऊ नका, दवाखान्यात या. आल्या त्या. दिघ्याच्या झोपडपट्टीतून आल्या, उरण-पनवेलकडच्या पाड्यांवरून आल्या, घणसोलीच्या चाळीतून रिक्षाने रात्री दोन वाजता आल्या. कॉट वाढल्या, बिल्डिंगी वाढल्या, बाहेर मोठ्ठे बोर्ड लागले, पण नाईटचा हिशोब मी नोकरीला लागले तेव्हा होता तोच मी रिटायर झाले तेव्हा.

त्यातून ज्या नवीन मुली येतात त्या अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, जरा हात बसला की कॉन्ट्रॅक्ट संपतं नाहीतर ती बाहेर चांगल्या पगारावर जाते. तक्त्यात ते पद भरलेलंच दिसतं. लेबर रूममध्ये नवी मुलगी आणि पंधरा वर्षांची सिस्टर यात काय फरक असतो ते ज्याच्या बायकोला रात्री तीनला ब्लीडिंग सुरू झालंय त्याला विचारा.

तेव्हा ठाणे-नवी मुंबईच्या आमच्या खासदार-आमदारांना, कुठल्याही पक्षाचे असोत, माझं एवढंच सांगणं आहे की समितीत बसाल तेव्हा ती मंजूर-भरलेली-रिक्त वाली शीट नका मागू. कुठल्याही तीन प्रसूतिगृहांचे, कुठल्याही एका महिन्याचे, रात्री आठ ते सकाळी आठचे कागद मागवा. एक ड्यूटी रजिस्टर आणि एक रेफर रजिस्टर. रेफरच्या वहीत पेशंट किती वाजता हलवला आणि बरोबर कोण गेलं ते लिहिलेलं असतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, म्हणजे वॉर्डात मागे किती जणी उरल्या ते आपोआप कळेल. शोधायला लांब जावं लागणार नाही, दोन्ही वह्या सिस्टरच्या टेबलाच्या एकाच खणात असतात.

आपली,
एक निवृत्त सिस्टर,
नेरुळ, नवी मुंबई