चाळीस मुलं आणि एक पोथी

पुणे,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. एम.ए.ची इंटर्नशिप म्हणून मी नेमकं करतो तरी काय, असं तू विचारलंस. आज सुट्टी आहे, तेव्हा सविस्तरच लिहितो.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आम्हाला पहिल्याच वर्षी चार क्रेडिटची ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, करावी लागते. वर्गातले बरेच जण वर्तमानपत्रांत आणि जाहिरात कंपन्यांत गेले. मी लोककलावंतांना शाळांमध्ये नेणारी एक संस्था निवडली. माझं बरंचसं काम फोनवर चालतं. मुख्याध्यापकांकडून तारीख घ्यायची, पत्र पाठवायचं, कलावंतांची तिकिटं काढायची, मानधनाच्या व्हाउचरवर सह्या घ्यायच्या. शाळांना शनिवार हवा असतो, कारण पहिली ते आठवीला आता 'आनंददायी शनिवार' आहे. शिवाय सहावी ते आठवीच्या दप्तराविना दिवसांसाठीही काहीतरी लागतंच. त्यामुळे बोलावणी भरपूर येतात. प्रश्न आहे तो मुलांच्या संख्येचा, आणि सध्या माझ्या डोक्यात तोच घोळतोय.

चित्रं दाखवत कथा गाऊन सांगतात ती चित्रकथी तू पाहिली आहेस का? कुडाळजवळ पिंगुळी गावात ठाकर समाजातली काही घराणी पिढ्यान् पिढ्या ही कला सांभाळून आहेत. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, ते याच गावचे. एका कथेच्या चित्रांचा जो संच असतो त्याला पोथी म्हणतात. कलावंत मांडी घालून बसतो, चित्र फळीला टेकवतो आणि गात गात रामायण-महाभारतातला प्रसंग सांगतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक नावाचं छोटं चर्मवाद्य. प्रसंग संपला की ते चित्र बाजूला आणि पुढचं वर. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ही कला देवळादेवळांतून रंगली. म्हणजे समोर गावातली माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि कथा संपेपर्यंत कोणी उठत नाही.

आता मुद्दा असा की चित्राचा कागद साधारण 30 बाय 40 सेंटीमीटरचा. पाचव्या-सहाव्या रांगेच्या पलीकडे कुणाचे डोळे वटारलेत आणि कुणाच्या हातात धनुष्य आहे, काही कळत नाही. एका मोठ्या शाळेने आमचा कार्यक्रम मैदानावर ठेवला. सगळी शाळा उन्हात बसवलेली, माइक लावलेला, आणि वेळ जेमतेम अर्धा तास, कारण त्यानंतर पाहुण्यांचं भाषण. मागची मुलं माती उकरत होती. त्यांचा काय दोष? त्यांच्यापर्यंत पोचत होता तो फक्त भोंग्यातला आवाज. पण देणगीदाराच्या फॉर्मवर 'लाभार्थी संख्या' असा रकाना असतो, आणि त्या दिवशी तो रकाना अगदी भरगच्च भरला.

त्यानंतरच्याच आठवड्यात जिल्हा परिषदेच्या एका शाळेत गेलो. सातवीचा एकच वर्ग, चाळीसेक मुलं. बाईंनी बाकं भिंतीला लावून सतरंजी अंथरली होती. कथा लव-कुशांची. अश्वमेधाचा घोडा पोरांनी अडवला, सैन्य चालून आलं, इथवर वर्ग चिडीचूप. मग लढाईच्या भरात कलावंतांनी मघाचंच एक चित्र पुन्हा वर काढलं. पुढच्या रांगेतला एक मुलगा ताडकन् म्हणाला, "हे झालंय मघाशी!" त्यांनी वीणा न थांबवता, त्याच्याकडे बघत, मालवणीत उत्तर दिलं, "तेवा बाण सुटाक नाय होतो, आता सुटलो बग!" सगळा वर्ग हसला, आणि पुढच्या क्षणी सगळ्या माना त्या बाणाकडे वळल्या. चित्र तेच होतं, पण आता मुलं त्यात नवीन काहीतरी शोधत होती. कथा संपल्यावर दोघी-तिघी कागदाजवळ जाऊन रंग कशाचे, चित्र कोणी काढलं, मागच्या बाजूला काय आहे, असं विचारत बसल्या. घंटा झाली तरी कोणी हलेना.

माझं म्हणणं एवढंच आहे की किती जणांनी बसायचं हे त्या कागदाने ठरवावं. ऑफिसात मी हे मांडलं तेव्हा कोणीतरी प्रोजेक्टरचा पर्याय काढला. चित्रं स्कॅन करून पडद्यावर मोठी दाखवायची. मला तो मुळीच पटत नाही. सांगणाऱ्याचं बोट चित्रातल्या घोड्यावर टेकतं तेव्हाच मुलांची नजर तिथे जाते. पडदा आला की माणूस एका कोपऱ्यात आणि चित्र दुसऱ्या कोपऱ्यात. दुसरा पर्याय कार्यशाळेचा: मुलांना छापील रेखाकृती देऊन रंगवायला लावायचं. शाळांना ते आवडतं, घरी नेता येतं, फोटो छान येतात. पण आधी कथा ऐकलीच नसेल तर ते नुसतं रंगकाम झालं.

अडचण पैशाची आहे, ती मी नाकारत नाही. वर्गावर्गांत कार्यक्रम करायचा तर एका शाळेत कलावंतांना दोन-तीनदा गावं लागतं, गळा बसतो, मुक्काम वाढतो आणि मानधनही वाढवून द्यायला हवं. ते द्यायलाच हवं. पनवेलहून कोकण रेल्वेने मी पिंगुळीला जाऊन आलो. तिथे जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या जवळून पाहिल्या. घरातली तरुण मुलं चित्रं काढतात, पण पूर्ण कथा तोंडपाठ करायला वर्षं जातात. शाळांनी दर वेळी तुकडेच मागितले, तर अख्खी कथा कोण कशाला पाठ करील?

संस्थेच्या ताईंनी माझं ऐकून घेतलं. पुढच्या सत्रात निदान काही शाळांत 'एक वर्ग, एक पूर्ण कथा' असं करून बघू म्हणाल्या आणि शाळा शोधायचं काम माझ्याकडेच दिलं. म्हणून आता तुला कामाला लावतो. तुझ्या काकू संगमनेरच्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत ना? त्यांना विचार, एखाद्या शनिवारी सलग दोन तास मिळतील का. स्टेज नको, माइक नको, सत्कार तर नकोच. वर्ग पन्नासच्या आतला असावा, सतरंजी असावी आणि तेवढा वेळ पंखे बंद ठेवावे लागतील, कारण कागद उडतात. तारीख कळली की लगेच फोन कर, तिकिटं आधीच काढावी लागतात. आणि त्या दिवशी तूही रजा टाकून ये.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र