ट्रामाडॉल, दुखणं आणि तुझी जखम

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

प्रतिकारशक्ती कमी होते असं वाचून तू ट्रामाडॉल ही अफूच्या जातकुळीतली वेदनाशामक गोळी बंद केलीस आणि रात्रभर कण्हत पडलीस, हे ऐकून जीव कळवळला. तू वाचलंस त्यात तथ्य आहे. १८९८ साली कांताकुझेन या शास्त्रज्ञाने अफू दिलेल्या गिनीपिगच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळायला कमी पडतात, हे दाखवलं होतं. या औषधांचे रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागा, मेंदूत असतात तसे पांढऱ्या पेशींवरही आढळतात. शिवाय आतडी मंदावतात. त्यांचं अस्तर सैल होऊन जंतू आत झिरपतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

पण दुखणं अंगावर काढल्याने काय होतं, तेही बघ. वेदना चालू राहिली की शरीर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडत राहतं, आणि तेही प्रतिकारशक्तीला दाबतंच. ऑपरेशन केलेल्या उंदरांना मॉर्फिन हे याच जातकुळीतलं वेदनाशामक दिलं तेव्हा त्यांच्यात कॅन्सर कमी पसरला. आणि वॉर्डात तर मी रोज बघते: पोटावर टाके असलेला माणूस दुखतं म्हणून खोकत नाही, पूर्ण श्वास घेत नाही, कफ छातीत साठतो आणि न्यूमोनिया होतो. मात्र डोस जास्त झाला तर खोकल्याची उबळच दबते, म्हणून डॉक्टरांनी लिहिलाय तेवढाच घ्यायचा.

सगळी औषधं सारखी नसतात. मॉर्फिन, फेंटानिल प्रतिकारशक्तीच्या बाबतीत जास्त त्रासदायक. ट्रामाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन त्या मानाने सौम्य. माझी खरी काळजी महिनोन्‌महिने घेणाऱ्यांची असते, त्यातही वयस्कर किंवा केमो चालू असलेल्यांची. तुझा कोर्स चार-पाच दिवसांचा आहे.

तेव्हा आजपासून गोळी वेळेवर घे. पाणी भरपूर पी. पोट साफ होत नसेल तर लाजू नकोस, डॉक्टरांना सांग. एक लक्षात ठेव: तुझ्या गोळीत पॅरासिटामॉलही आहे, त्यामुळे ताप झाकला जाऊ शकतो. नुसत्या थर्मामीटरवर विसंबू नकोस. ड्रेसिंग बदलताना जखम उजेडात नीट बघ. लाली कालच्यापेक्षा पसरली, पू आला, वास आला किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. आणि मला फोन कर, ड्यूटीवर असले तरी.

तुझी,
आई