ताई, तुमचे चिंचोके अजून आमच्याकडेच आहेत

ताई, आमच्या मुलाला इंग्लिश शिकवलंत त्याबद्दल व्हॉट्सॲपवर थँक्यू टाकून झालं होतं, पण तेवढ्यावर भागेना म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, तुम्हाला आवडणार नाही माहितीये.

आमचा मुलगा पाचवीत, मराठी मीडियम, डिस्लेक्सियाचा (हुशार असूनही वाचणं-लिहिणं जड जातं, तो) रिपोर्ट हातात यायच्या आधी दोन वर्षं आम्ही काय केलं तर एकेक स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून घेतलं. क्लासच्या बाई तर आळशी आहे म्हणून मोकळ्या झाल्या. (मीपण तेच म्हणायचे, खोटं कशाला बोलू.)

तुम्ही पहिल्याच दिवशी वही बंद करायला लावलीत. कागदावर तीन चौकोन काढलेत, त्याच्यापुढे मूठभर चिंचोके ठेवलेत आणि म्हणालात, कॅट म्हण, जेवढे आवाज ऐकू येतील तेवढे चिंचोके आत सरकव. त्याने दोनच सरकवले, कॅ आणि ट. मला वाटलं झालं, चुकला. तुम्ही म्हणालात चुकला नाही हो, तो मराठी कानाने ऐकतोय, आपल्या बाराखडीत स्वर व्यंजनाला चिकटूनच येतो ना, आता त्याला कॅ फोडून दाखवायचा, क् वेगळा ॲ वेगळा. अख्खी बाराखडी घोकून मोठी झाले मी, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! चौकोनांची ही पद्धत एल्कोनिन नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाची, हे नंतर तुमच्याकडूनच कळलं, चिंचोके तेवढे तुमचे.

मग व्ही आणि डब्ल्यू, आपल्याला दोन्हीला एकच व. तुम्ही त्याच्या हातात आरसा दिलात, एकाला वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू. आठवडाभर पोरगं बेसिनसमोर चंबू करून उभं, सासूबाई म्हणाल्या ह्याला दाखवून आणा कुठेतरी. शिप आणि शीप अजून घसरतं, पण ते माझंही घसरतं.

परवा जेवताना आजीला विचारतो, बॉक्समध्ये आवाज किती? आजी म्हणाली दोन, मी म्हटलं तीन, बी ओ एक्स. "चार! एक्समध्ये दोन लपलेत," आणि वरणात बोट बुडवून ताटात चार ठिपके काढले. मार्क अजून दहात चार-पाचच येतात, पण इंग्लिशचं पुस्तक काढ म्हटलं की पोटात दुखायचं ते बंद झालंय.

चिंचोके रविवारी आणून देते. बावीस होते, एकोणीसच सापडलेत.