फास्ट म्हणजे नाउन की व्हर्ब?

प्रिय सोनू,

तुझ्या वर्कशीटचा फोटो बघितला. नुसते सुटे शब्द दिलेत, पुढे नाउन, व्हर्ब, अ‍ॅडजेक्टिव्ह काय ते लिहायचं, आणि तू म्हणतेस की सगळी यादी पाठच करून टाकते. तसं करू नकोस बाळा, कारण इंग्रजीतला शब्द एकटा उभा असला की तो कोण आहे हे बरेचदा ठरतच नाही.

आता फास्ट घे. 'अ फास्ट ट्रेन'मध्ये तो ट्रेनबद्दल सांगतो म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह, 'शी रन्स फास्ट'मध्ये कसं पळते ते सांगतो म्हणून अ‍ॅडव्हर्ब, 'शी ब्रोक हर फास्ट' म्हणजे तिने उपास सोडला, इथे नाउन, आणि 'दे फास्ट ऑन मंडेज'मध्ये सरळ व्हर्ब. शब्द तोच, स्पेलिंग तेच, मग उत्तर यादीत कुठून मिळणार?

हे असं का होतं ते कळलं ना की भीतीच जाते बघ. मराठीत 'कुत्रा माणसाला चावला' म्हण किंवा 'माणसाला कुत्रा चावला' म्हण, अर्थ तोच राहतो, कारण 'ला' हा प्रत्यय कोण कोणाला चावलं ते सांगतो. जुन्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते पण ते हळूहळू झिजून गेले, त्यामुळे आता ते काम जागा करते, 'डॉग बाइट्स मॅन' उलटं केलंस तर माणूसच कुत्र्याला चावतो! म्हणून शब्दाची जागा बघायची, आजूबाजूला कोण बसलंय ते बघायचं. आधी 'अ' किंवा 'द' आलं की पुढे कुठेतरी नाउन येणारच, मधे जो बसला तो बहुतेक अ‍ॅडजेक्टिव्ह.

खरं सांगू, अर्थसुद्धा माहीत नसला तरी चालतं. मी आत्ता बनवलेलं वाक्य बघ, 'द टोंबी ग्रिक प्लम्ड स्लोली'. यातल्या तीन शब्दांना काही अर्थ नाही, तरी ग्रिक नाउन, टोंबी अ‍ॅडजेक्टिव्ह आणि प्लम्ड व्हर्ब हे तू लगेच सांगशील.

शेवट बघून ओळखायची युक्ती क्लासमध्ये शिकवतात, नेस, मेंट, शन आलं की नाउन, ती बरीचशी चालते. पण 'ली' आलं की अ‍ॅडव्हर्ब हे डोळे मिटून लिहू नकोस, फ्रेंडली आणि लव्हली अ‍ॅडजेक्टिव्ह आहेत आणि फॅमिली तर नाउन. इंगचं पण तसंच, 'स्विमिंग इज फन'मध्ये स्विमिंग नाउनचं काम करतं, 'शी इज स्विमिंग'मध्ये व्हर्बचं.

आणि हे मला फार आवडतं, कधीकधी कानाने पण ओळखता येतं. रेकॉर्डमध्ये पहिल्या भागावर जोर दिला की नाउन, रिकॉर्ड असं दुसऱ्यावर दिला की व्हर्ब, प्रेझेंट आणि प्रिझेंटचं पण हेच. मोठ्याने वाच म्हणते ना मी, ते यासाठीच.

प्रीपोझिशनला फार वेळ घालवू नकोस, आपलं शब्दयोगी अव्यय मागून चिकटतं, टेबलाखाली, त्यांचं आधी येतं, अंडर द टेबल, बास.

परीक्षेत सुटा शब्द आला तर जास्त वापरात असलेलं उत्तर लिही आणि जागा असेल तर शेजारी छोटं वाक्य पण लिही, म्हणजे तू काय धरून लिहिलंस ते बाईंना कळेल. आता तुझ्या शीटमधला 'बॅक' घे, तो पण चार प्रकारे येतो, चारही वाक्यं करून रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, मी जेवण झाल्यावर बघते.

तुझी,
आई