वूस्टर स्ट्रीटच्या रांगेतल्या आजोबांना

आजोबा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हे पत्र आईच्या आग्रहाखातर लिहितेय, म्हणून मराठीतच.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली संध्याकाळ. अमेरिकेतल्या न्यू हेवनला फ्रँक पेपेच्या पिझ्झाच्या दुकानाच्या दारात ही मोठी रांग. माझ्या कडेवर पाच महिन्यांची मुलगी, शेजारी आई. बाळ कुडकुडतंय हे बघून तुम्ही तुमचा नंबर लागल्यावर आम्हालाही आत घेतलंत, तुमच्याच टेबलावर. त्याचेही आभार राहिलेत, पण आईला सांगायचंय ते वेगळंच.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे कायमची राहायला आली. इंग्रजी येत नाही म्हणून एकटी कधी घराबाहेर पडायची नाही. दुकानात कुणी काही विचारलं तर माझ्या मागे जायची. मलाही त्याची सवय झाली होती, हे आज लिहिताना टोचतं.

तुम्ही मागवलेला पिझ्झा आला. पत्र्याच्या ट्रेमध्ये, धड गोल नाही की चौकोनी नाही, कडांना कोळशाच्या भट्टीचे काळे डाग, भाकरीला पडतात तसे. टोमॅटोचा पत्ता नाही. लसूण, ऑलिव्ह ऑइल, ऑरेगॅनो, किसलेलं चीज आणि वर बारीक बारीक काहीतरी. आई वाकली आणि केवढ्यांदा म्हणाली, "अगं, ह्या तर तिसऱ्या!" कोकणातून आल्यापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. तुम्ही विचारलंत, काय म्हणाल्या? मी सांगितलं, या क्लॅमना, शिंपल्यांना, आमच्याकडे तिसऱ्या म्हणतात. तुम्ही इतके खूश झालात की सगळी गोष्टच सांगायला बसलात. तिसऱ्या इथे आधी नुसत्या, कच्च्याच देत, पिझ्झावर आल्या त्या 1960च्या दशकात. फ्रँक पेपे इटलीतल्या मायोरी या समुद्रकाठच्या गावचा. 1909 साली सोळाव्या वर्षी अमेरिकेत आला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. पहिल्या महायुद्धात लढायला परत गेला, आणि नंतर आला तो बायकोला, फिलोमेनाला घेऊन. बेकरीत राबला. टोमॅटोचे पिझ्झे डोक्यावर तोलून बाजारात विकायचा. "कोळणी पाटी घेतात तसे?" आईनं विचारलं. मी इंग्रजीत सांगेपर्यंत तुम्ही स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून दाखवलातसुद्धा.

1925 साली नवराबायकोनी दुकान काढलं. सुरुवातीला दोनच प्रकार, एक साधा टोमॅटोचा, दुसरा अँकोव्ही माशाचा. दुकान पुढे दोन मुलींकडे आणि मग नातवंडांकडे आलं, पण 81 वर्षं या रस्त्याबाहेर एकही शाखा नव्हती. पहिली निघाली 2006 साली, फेअरफिल्डला, आणि नव्या जागांमधल्या भट्ट्याही इथल्या जुन्या भट्टीबरहुकूम बांधल्या, हे तुम्ही केवढ्या अभिमानानं सांगत होतात! मला तोच भाग आवडला. आई मात्र फिलोमेनापाशी अडकली. परक्या देशात आलेली ती तरुण मुलगी स्वतःच्या स्वतः शिकली, इंग्रजी शिकली आणि दुकान चालवण्यात नवऱ्याच्या बरोबरीनं उभी राहिली, असं तुम्ही सांगितलंत. आईनं मला ते पुन्हा सांगायला लावलं.

घरी येताना गाडीत गप्प होती. मग म्हणाली, "कशी शिकली असेल गं ती?"

सोमवारी सकाळी तिनं मला वाचनालयातला इंग्रजीचा वर्ग शोधायला सांगितला. त्याआधी मीच तिला चारदा म्हटलं होतं. माझ्या सांगण्यात "तुला येत नाही" हेच तिला ऐकू यायचं. तुम्ही तिला काहीच शिकवायला गेला नाहीत, तिच्याकडे बघून गोष्ट सांगितलीत, तिच्या तिसऱ्यांना दाद दिलीत आणि मी भाषांतर करत असताना घास हातात धरून थांबलात. ते थांबणं तिच्या अजून लक्षात आहे.

आता ती नातीला घेऊन एकटी बसनं जाते. डॉक्टरांकडे स्वतः बोलते, चुकतमाकत, पण मागे वळून माझ्याकडे बघत नाही. इथले लोक पिझ्झाला "आबीट्स" म्हणतात आणि मोझरेला चीजला "मूट्झ", हेही तिनंच मला शिकवलं.

गेल्या रविवारी पुन्हा तिथेच गेलो. वेट्रेस आली, मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "वन व्हाइट क्लॅम. वन टोमॅटो, नो मूट्झ." त्या मुलीनं उलट काही न विचारता लिहून घेतलं. मग आईनं नेहमीसारखी एकेका टेबलावरून नजर फिरवली, तुम्ही कुठे दिसता का ते बघायला.

तुमची,
तिसऱ्यावाल्या बाईंची मुलगी