छकुलीच्या अंगावरची लव

प्रिय मनू,

छकुलीच्या पाठीवरची लव बघून तू धास्तावलीस, आणि सासूबाई कणकेचा गोळा फिरवून ती काढायचं म्हणताहेत, असं कळलं. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही लव तुझ्या पोटातच आली. तिसऱ्या महिन्याच्या आसपास भुवया, वरचा ओठ आणि हनुवटीवर केसांची मुळं धरू लागतात. पाचव्या महिन्यापर्यंत लव अंगभर होते. तेव्हा कातडीचे दोन थर एकमेकांशी अक्षरशः बोलत असतात. पहिला निरोप खालच्या थराचा, अंतस्त्वचेचा: इथे केस हवा. वरची बाह्यत्वचा तेवढ्याच जागी जाड होते आणि उलट निरोप धाडते. मग खालच्या पेशी नेमक्या त्या जाड ठिपक्याखाली गोळा होतात. त्यांच्या पुढच्या निरोपावर वरचा थर खाली खोल वाढत जातो आणि त्या पेशींच्या पुंजक्याला कवेत घेतो. तो पुंजका म्हणजे केसाचं मूळ जागतं ठेवणारा अंकुर. हे निरोप म्हणजे प्रथिनं. त्यातल्या एकाचं नाव सॉनिक हेजहॉग!

मला सगळ्यात आवडणारा प्रयोग 1970च्या दशकातला, फ्रान्समधला. उंदराच्या भ्रूणाची अंतस्त्वचा घेऊन तिच्यावर कोंबडीच्या भ्रूणाची बाह्यत्वचा ठेवली. केस आले नाहीत, पिसांचे कोंभ आले. म्हणजे ‘काहीतरी उगव’ हा हुकूम उंदराचा कोंबडीला कळला, पण तिने उगवलं ते तिला येत होतं तेच. कोंभ पुढे वाढून पूर्ण पीस मात्र झालं नाही, कारण त्यासाठीचा पुढचा निरोप स्वतःच्याच जातीचा लागतो. वर्गात हे सांगताना दरवेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

यातला एखादा निरोप हरवला तर काय होतं, हे डार्विनने 1875 साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल नोंदवलंय: चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दात मोजकेच, अंगावर केस अगदी कमी, आणि उन्हाळ्यात कोरड्या कातडीचा त्रास. केस, दात आणि घामाच्या ग्रंथी अशाच संवादातून घडतात, म्हणून तिन्ही एकदम बिघडतात.

छकुलीच्या केसांची सगळी मुळं जन्माआधीच ठरून गेली आहेत. गोळा फिरवून ती कमी होणार नाहीत, नुसती कातडी सोलवटेल. लव काही आठवड्यांत आपसूक गळेल. तेल हलक्या हाताने लाव. जावळ हौसेने काढा, मीही येईन; त्याने केस दाट होतील या आशेने मात्र नको. सासूबाईंशी मीच फोनवर बोलते, तू त्यात पडू नकोस.

तुझी,
आई